चोवीस वेळा खाली केलेली खोली

रायपूरजवळच्या बीरगावात माझ्या मालकीच्या पाच खोल्या आहेत. पाचही भाड्याने दिलेल्या होत्या, आणि मी स्वतः बायको-मुलीसकट रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात दुसऱ्याच्या एका खोलीत भाड्याने राहत होतो. हे सांगितलं की लोक हसायचे. मी पण हसायचो. हलवाई आपल्या दुकानची मिठाई खात नाही, असं एक वाक्य मी त्यासाठी तयारच ठेवलं होतं. खरं कारण वेगळं होतं. आमच्या घरमालकीण काकूंच्या खोलीतून निघायची मला भीती वाटायची, आणि निघालो तर काकूंना वाईट वाटेल अशी त्याहून मोठी भीती वाटायची.

आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला जन्मभर कोणी काही विचारत नाही. पण खोल्या बांधल्यापासून मला फोन येतात. वर्धेकडचे, गावाकडचे, बायकोच्या माहेरचे. "भाऊ, पैसा कशात टाकू? प्लॉट घेऊन ठेवू का खोल्या काढू?" मी घसा साफ करतो आणि सांगतो. सांगतो ते खरंच असतं. फक्त त्यातलं अर्धं मी चुका करून शिकलोय आणि बाकीचं मला माझ्या एका भाडेकरणीनं शिकवलंय, हे सांगत नाही.

मी सांगतो की जागा उन्हाळ्यात पाहू नका, उन्हाळ्यात सगळ्याच जागा चांगल्या दिसतात. भर पावसाळ्यात जा आणि लोक चपला हातात घेऊन कुठून चालतात ते बघा. कामगारांना खोल्या द्यायच्या असतील तर वर पत्रा टाकू नका, स्लॅबच टाका. रात्रपाळी करून आलेला माणूस मे महिन्यात पत्र्याखाली दिवसा झोपू शकत नाही, आणि न झोपलेला माणूस पाण्यावरून भांडतो. उघड्यावर दोरी बांधून देऊ नका, आमच्याकडे हवेत कारखान्यांची काळी भुकटी असते, पांढरं बनियन दुपारपर्यंत पोलिसाच्या बुटासारखं होतं; दोरी वऱ्हांड्यात, छताखाली बांधा. खोलीगणिक वेगळा मीटर लावा. भाडं एक तारखेला मागू नका. कारखान्याचा पगार सात ते दहाच्या मधे होतो, एक तारखेला मागितलं तर पुढचे नऊ दिवस मालक आणि भाडेकरू एकमेकांना तोंड चुकवत फिरतात. पोलीस ठाण्यात भाडेकरूचा फॉर्म भरून द्या, आणि फॉर्म द्यायला भाडेकरूला सोबत न्या, म्हणजे त्याला वाटत नाही की आपली चुगली झाली.

एक गोष्ट मात्र मी फोनवर कोणाला सांगत नाही. ती खोली खाली करायची गोष्ट आहे, आणि ती सांगायला मला सोळाव्या वर्षापासून सुरुवात करावी लागते.

आमच्या गावचा एक वायरमन रायपूरला एका मोठ्या इमारतीच्या कामावर निघाला होता. त्याला शिडी धरायला कोणी तरी पाहिजे होतं. "दोन महिन्याचं काम आहे," तो माझ्या आईला म्हणाला. त्या दोन महिन्यांना आता बावीस वर्षं होऊन गेली. वायरमन काम संपल्यावर गावी परतला. मी राहिलो, कारण ब्राह्मणपाऱ्यात एका घराची जुनी वायरिंग बदलायला गेलो असताना घरच्या काकांनी मला विचारलं, "कुठला रे तू?" आणि मी वर्धेकडचा म्हटल्यावर आतून काकू बाहेर आल्या. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. त्यांची वर्धा म्हणजे नकाशातली वर्धा. पण मराठी बोलणारा पोट्टा शिडीवर उभा आहे, एवढं त्यांना पुरलं.

"झोपतोस कुठं?" त्यांनी विचारलं.

"साईटवर. सिमेंटच्या पोत्यांवर."

"पोत्यांवर काहून? खालची खोली रिकामी तर आहे आपली." हे त्या काकांकडे बघून म्हणाल्या.

अशी मला ती खोली मिळाली. रस्त्याकडून बोळातून आत आलं की लहानसं अंगण, अंगणाला लागून खोली, बाजूला मोरी. वर काका-काकू आणि त्यांचा मुलगा. भाडं इतकं कमी की सांगायची लाज वाटते, आणि बावीस वर्षांत ते वाढलं ते दर वेळी मीच वाढवून दिल्यामुळे. काकू म्हणायच्या, "राहू दे." मी म्हणायचो, "घ्या ना काकू." आमच्यात भाड्यावरून एवढंच भांडण.

काका कचेरीत बाबू होते. भाडेकरूंच्या खटल्यांच्या फायली त्यांच्या हाताखालून जायच्या. जुन्या रायपुरात कोण भाडेकरू किती वर्षं हलला नाही, कोणाच्या घरमालकाने तारखा करता करता डोळे मिटले, हे त्यांना तोंडपाठ होतं. म्हणून त्यांनी माझ्याशीही अकरा महिन्यांचा कागद केला, स्टॅम्प पेपरवर, टायपिंग केलेला. तो सगळेच करतात. पण काकांचं म्हणणं असं, की नुसत्या कागदाला कोण विचारतो? अकरा महिने झाले की भाडेकरूनं खरोखर खोली सोडली पाहिजे. मग नवा कागद, नवा ताबा. लिहिलेलं आणि केलेलं एक पाहिजे.

पहिल्या वेळी हे मला कोणी समजावून सांगितलं नाही. सकाळी काका खाली आले आणि म्हणाले, "अकरा महिने झाले. सामान बाहेर काढ." मी काढलं. एक गादी, एक स्टोव्ह, एक बादली, औजारांची थैली. काका आत गेले, भिंती बघितल्या, वर बघून म्हणाले, "बल्ब तुझा ना? तोही काढ. बल्ब राहिला तर ताबा राहिला." मी बल्ब काढला. त्यांनी कुलूप लावलं, किल्ली घेऊन वर गेले. मी अंगणात गादीच्या वळकटीवर बसलो, हातात बल्ब, आणि रडलो. आपलं काय चुकलं ते मी एक एक करून आठवत होतो. मग काकू पोहे आणि चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अरे, रडतोस काहून? चहा पी, मग किल्ली देतेत ते."

चहा झाला, सही झाली, किल्ली मिळाली.

तेव्हापासून दर अकरा महिन्यांनी हे झालं. बाराऐवजी अकरा, म्हणून हा दिवस दर वर्षी एक महिना अलीकडे सरकतो. त्यामुळे मी त्या अंगणात उन्हात बसलोय, थंडीत बसलोय आणि प्लास्टिकखाली पण बसलोय. लग्न झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात हा दिवस आला. बायको नवी, तिचे रुखवतातले डबे अंगणात रांगेनं ठेवलेले. ती मला बाजूला नेऊन म्हणाली, "खरं सांगा, भाडं थकवलं का तुम्ही?" पुढे गोदरेजसारखं एक जड लोखंडी कपाट आलं. ते दर वेळी बाहेर काढणं जमेना. काका तोवर गेले होते. काकूंनी तोड काढली. त्या कपाटावर हात ठेवून म्हणायच्या, "हे आता माझं. चहा होईस्तोवर." चहानंतर कपाट परत आमचं. आतले कपडे तेवढा वेळ कोणाचे होते हे मी कधी विचारलं नाही.

तुम्ही हसाल, पण मी बीरगावात खोल्या काढल्या तेव्हा हीच पद्धत तिथं लावली. मला वाटायचं हा कायदाच आहे. कचेरीजवळच्या टायपिंगवाल्याला मी माझाच काकूंशी झालेला कागद दिला आणि म्हटलं, नावं बदल, पत्ता बदल, बाकी जसंच्या तसं. भाडेकरूंना आधी वाटलं मालकाच्या डोक्यात फरक आहे. मग ते त्यातून फायदा काढायला लागले. सामान निघालंच आहे तर ढेकूण मारून घ्यायचे, चुना मारून घ्यायचे. मी बोर्ड उघडून वायरी बघायचो. खरं सांगतो, मालकाने वर्षातून एकदा आपली खोली पूर्ण रिकामी बघावीच. भरल्या खोलीत मालकाला फक्त कॅलेंडर दिसतं.

चोविसाव्या वेळेला आमच्या खोलीत ते घडलं.

काकूंचे गुडघे दोन वर्षांपासून बोलत होते. वरून खाली चौदा पायऱ्या. त्या सकाळी त्या बसून उतरल्या, एक एक पायरी, जशी लहान लेकरं उतरतात. मी धरायला गेलो तर म्हणाल्या, "राहू दे, मले सवय झाली." आमचं सामान अंगणात निघालं. मुलीची शाळेची पुस्तकं पण. काकूंनी कपाटावर हात ठेवला, कुलूप लावलं. चहा झाला. आम्ही कप खाली ठेवले. काकू किल्ली हातातल्या हातात फिरवत बसल्या.

मग म्हणाल्या, "अरे, ह्या वेळी किल्ली माझ्यापाशीच ठेवू का रे?"

मी म्हटलं, "ठेवा ना काकू."

जसं कोणी म्हणावं, ही छत्री ठेवून घेऊ का, आणि आपण म्हणावं ठेवा ना. बावीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. बायकोनं माझ्याकडे बघितलं ते मी अजून विसरलो नाही.

काकूंना वर चढणं होत नव्हतं, डॉक्टरनं खालीच राहायला सांगितलं होतं. मुलगा बंगळुरूची नोकरी घरून करायची परवानगी काढून बायकोसह परत येणार होता, तो वर राहणार. त्याचा ट्रक पंचवीस दिवसांनी. तोवर आम्ही वर राहावं, काकू खाली. यात चूक कोणाचीच नव्हती. चूक असती तर मला भांडता तरी आलं असतं.

बायको वर सामान नेता नेता म्हणाली, "आपली चूल अंगणात, अन् तुम्ही 'ठेवा' म्हणून राहिले?"

"त्यांचे गुडघे..."

"गुडघे दिसतात मले. मीच तेल लावून देतो रोज. पंचवीस दिवसांनी आपण कुठं जाऊन राहिलो, ते सांगा."

मुलगी मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देते, न विचारलं तरी देते. ती म्हणाली, "पापा, अपने तो पाँच कमरे हैं ना?"

हे खरं होतं. आणि पाचही भरलेल्या होत्या, अगदी चांगल्या माणसांनी. हीच माझी इतके दिवस फुशारकी होती. एकही खोली रिकामी नाही, कोणाचं भाडं अडलेलं नाही. फोनवर मी हे ऐटीत सांगायचो. आता पाचांपैकी कोणाला तरी उठवायचं होतं, आणि कोणाला हे ठरवायची माझी हिंमत नव्हती. कॅलेंडरानं ठरवलं. त्या पंचवीस दिवसांत फक्त एकाच खोलीचे अकरा महिने भरत होते. तीन नंबर.

तीन नंबरमध्ये नवरा-बायको होते, बेमेतराकडचे. नवरा लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर, दिवसातून चार शब्द बोलणारा. बायको शिवणकाम करायची. दाराशी मशीन, मशीनवर उजेड, आणि पुऱ्या गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज तिच्याकडे. त्या दारात मशीन आहे म्हणून तिचा धंदा होता. ते दार गेलं तर गिऱ्हाईक किती मागे येईल हे मला कळत होतं, आणि मी ते न कळल्यासारखं करत होतो.

मी मनाशी ठरवलं, जसं माझ्याशी झालं तसंच करायचं. सामान निघेल, कुलूप लागेल, चहा होईल आणि मी विचारीन. काकूंनी किती मऊपणे विचारलं होतं! तसंच विचारायचं. स्कूटरवर जाताना मी ते वाक्य हिंदीत पाठ करत गेलो. आवाज कुठं खाली करायचा हे पण ठरवलं.

रविवार होता. त्यांची ही तिसरी वेळ, त्यामुळे त्यांना सवय होती. पलंग, डबे, गॅस, शेवटी मशीन. ते दोघांनी मिळून उचललं आणि वऱ्हांड्यात ठेवलं. त्यावर कापलेल्या ब्लाउजांचा गठ्ठा, प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी. नवऱ्यानं न सांगता बल्ब काढून खिशात टाकला. मी कुलूप लावलं. बीरगावात चहा भाडेकरूच करतात, ही माझी सोय. तिनं वऱ्हांड्यातच गॅस पेटवला.

चहा छान झाला होता. मी तो फार हळू प्यालो.

"भैया, चाय ठंडी हो गई क्या?" तिनं विचारलं.

"नाही... नहीं नहीं।" मी कप ठेवला. "दीदी, मैं सोच रहा था, इस बार चाबी मैं अपने पास रख लूँ क्या?"

ती हसली. तिला वाटलं, भैया गंमत करतात. मग तिनं नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गॅस बंद केला.

"काहे के लिए?"

मी सांगितलं. काकू, गुडघे, बंगळुरूचा ट्रक, सगळं. सांगताना माझ्या लक्षात आलं की काकूंनी हे एका वाक्यात विचारलं होतं आणि मला दहा मिनिटं लागत होती. नवरा जमिनीकडे बघत ऐकत होता. ती मशीनवर हात ठेवून उभी होती.

"कागज है ना आपके पास? पुराना वाला?"

होता. नवा पण होता, सहीसाठी आणलेला. मी डिक्कीतून थैली आणली. ती दहावी पास आहे, हे मी फॉर्म भरताना लिहिलं होतं आणि विसरून गेलो होतो. ती वऱ्हांड्याच्या पायरीवर बसली आणि वाचायला लागली, पहिल्या ओळीपासून, ओठ न हलवता. तो कागद मी बावीस वर्षांत अगणित वेळा सही केला होता, दिला होता, घेतला होता. वाचायचा असतो, हे मला सुचलं नव्हतं. स्टॅम्प पेपर ही माझ्या हिशोबानं सही करायची वस्तू होती.

"हाँ। ये चौथा नंबर।" तिनं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. मकान खाली कराना हो या करना हो, तर दोन्हीपैकी ज्याला पाहिजे त्यानं दुसऱ्याला एक महिना आधी लेखी द्यायचं, आणि त्या महिन्यात कोणी कोणाला काढायचं नाही.

"लिख के दिए थे आप?"

"नहीं।"

"तो ताला खोलिए, भैया।"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी कुलूप काढलं. नवरा आणि मी मिळून मशीन आत नेलं. ते फार जड असतं, हे मला पहिल्यांदा कळलं, कारण आधीच्या दोन वेळी मी फक्त बघत उभा होतो.

पलंग परत लागला तेव्हा ती म्हणाली, "अब लिख के दीजिए। महीना भर में हम लोग देख लेंगे कुछ।"

तिनं मुलांच्या वहीतलं असतं तसं एक पान दिलं. मी लिहायला बसलो. सोळा वर्षांचा असताना आलो तरी माझी लिहिती हिंदी अजून वर्धेतच आहे. "मैं आपको सुचित करता..." इथंच ती वाकून म्हणाली, "सूचित में बड़ा ऊ।" मग मीच म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहितो. अशा रीतीनं तिला खोली खाली करायला सांगणारं पत्र तिनंच मला सांगितलं, आणि मी पायरीवर बसून लिहून घेतलं. आपल्या विरुद्धची सूचना तिनं माझ्याहून चांगली सांगितली. "कारण लिखिए। स्वयं के निवास हेतु।" मी लिहिलं. "तारीख डालिए।" टाकली. "नीचे दस्तखत।" केली. तिनं फोनवर त्याचा फोटो काढला आणि पान ब्लाउजांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं.

मी निघताना ती म्हणाली, "आपको जिसने निकाला, उसने लिख के दिया था?"

"निकाला नहीं। पूछा था।"

"और आप?"

"मैंने हव बोल दिया।"

नवरा तेव्हा पहिल्यांदा बोलला. "ऐसा कौन बोलता है, भैया?" त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आता हिशोब सरळ होता. तिचा महिना त्या रविवारपासून. माझे पंचवीसपैकी सोळा दिवस उरलेले. मधले चौदा दिवस आम्ही तिघं कुठं राहणार? लॉज म्हणावं तर मुलीची परीक्षा. आणि उत्तर एकच होतं, की तेच चौथं कलम काकूंच्या नि माझ्या कागदात पण होतं. तिथूनच तर मी ते उतरवलं होतं.

घरी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "मंग जा ना खाली."

"काकूंना काय म्हणू? कायदा दाखवू?"

"दाखवू नका. मागा. एक महिना मागायला काय जातं? तुम्ही जात नसन तर मी जातो."

मी गेलो. काकू पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या, आमच्या खोलीत, म्हणजे त्यांच्या. कपाट तिथंच होतं, अजून कोणाचं ते ठरलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी ज्या बाईनं मला पोत्यांवरून उठवून छताखाली आणलं, तिच्यासमोर कलम बोलायचं म्हणजे मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. मी आधी गुडघ्याचं विचारलं. मग औषधाचं. मग परत गुडघ्याचं.

"काय बोलायचं आहे ते बोल," काकू म्हणाल्या. "बायको वरून कान लावून आहे तुझी."

"काकू, मला महिना पाहिजे होता. पूर्ण. कागदात तसं आहे म्हणतात."

त्यांनी पसरलेले पाय हातांनी उचलून जवळ घेतले. मला वाटलं, गेलं. बावीस वर्षांचं सगळं गेलं.

"ते कलम टायपिंगवाल्याच्या कागदात नव्हतं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी घातलं. मीच म्हटलं होतं, परगावचा पोट्टा आहे, उद्या आपण म्हातारपणी चिडलो अन् बाहेर काढलं तर कुठं जाईल? म्हणून घातलं. दोन दिवस भांडले माझ्याशी." मग म्हणाल्या, "अन् त्या दिवशी मीच विसरली, विचारून झाल्यावर आठवलं. तू म्हणशील असं वाटलं, काकू, महिना द्या. तू म्हणून गेलास, ठेवा ना. मले रात्रभर झोप नाही. पण तुझी हो आली, आता परत कसं विचारू?"

म्हणजे मी हो म्हणून त्यांना वाईट वाटू दिलं नाही असं मला वाटत होतं, आणि त्या माझ्या हो मुळे जागत होत्या. आभारी माणूस इतका कामाचा असतो.

त्यांनी माझ्यासमोरच मुलाला फोन लावला. मुलगा तिकडून कुरकुरला. ट्रक ठरलाय, म्हणाला. काकू म्हणाल्या, "ट्रक येऊ दे. सामान वरच्या मागल्या खोलीत राहील, हे लोक पुढल्या खोलीत. तूही पंधरा दिवस माणसांत राहून बघ." तसंच झालं. चौदा दिवस आम्ही दोन कुटुंबं एका मोरीवर होतो. काकूंची सून चांगली आहे. मुलगा सकाळी मोरीत फार वेळ लावतो. मी काही बोललो नाही.

शिवणवालीला बाविसाव्या दिवशी खोली मिळाली, दोन गल्ल्या सोडून, कोपऱ्यावर, भाडं जास्त. महिना भरला तेव्हा ती निघाली; त्या दिवशी मी डिपॉझिट नोटा मोजून नेलं आणि गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर तिचा नवा पत्ता स्वतः रंगानं लिहिला. शब्द तिनंच सांगितले. मशीन हातगाडीवर चढवायला मी हात लावला. तिला वाईट वाटत होतं की नाही ते मला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क मला होता असं मला वाटत नाही. ती गेली आणि तिचं नुकसान झालं, मी चांगल्या हस्ताक्षरात सूचना दिली म्हणून ते कमी झालं नाही. फोनवर विचारणाऱ्यांना मी आता हे पण सांगतो. पाच बांधा, चार द्या. एक आपली ठेवा, नाही तर एक दिवस दुसऱ्याची घ्यावी लागते.

हातगाडी निघण्याआधी ती मला परत आत घेऊन गेली. रिकाम्या खोलीत मागच्या भिंतीवर वरपासून कमरेपर्यंत ओलीचा मोठा डाग होता. तिनं त्यावर पलंगाची पाठ लावून ठेवली होती. पलंग काढायचा तेव्हा मी बोर्डाच्या वायरी बघत असायचो.

"तीन बार बोली थी आपको," ती म्हणाली. "टंकी का पानी उतरता है। आप बोले, देखते हैं। अब देख लीजिए।"

आम्ही संध्याकाळी राहायला आलो. दोन नंबरवाल्यांनी पाण्याची तक्रार दारातच सांगितली, आता मालक जवळ आहे म्हणून. मुलीनं आपली पुस्तकं खिडकीत लावली. बायकोनं कपाट कुठं ठेवायचं ते बघत भिंतीवर हात फिरवला, बोटं नाकाशी नेली.

"अहो, हे घरमालकाले सांगावं लागन," ती म्हणाली.

मी पक्कड घेऊन टाकीवर चढलो.